सही कुणाची?

कांद्याची पट्टी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ओतूरच्या किंवा आळेफाट्याच्या बाजारात माल विकला, की आडतदार शेतकऱ्याच्या हातात जो कागद ठेवतो ती पट्टी. वरती नाव, खाली गोण्या, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि शेवटी हाती पडणारी रक्कम. आमच्या पिंपरी पेंढारच्या शिवारात कांद्याची लागण बायका करतात, खुरपणी बायका करतात, काटणी बायका करतात आणि बराखीतला सडका कांदाही त्याच निवडून काढतात. पट्टीवर नाव मात्र बहुतेक घरांत पुरुषाचे असते. ज्याचे नाव पट्टीवर, त्याच्या खात्यात पैसे. ज्याचे नाव सातबाऱ्यावर, त्याला सोसायटीचे पीककर्ज. मग विहिरीचे काम आधी काढायचे, की मुलीला पुण्याला शिकायला पाठवायचे, हेही तोच ठरवतो.

श्रोतेहो, मुलींच्या करिअरविषयी बोला असे मला सांगितले गेले, तेव्हा मला प्रथम ही पट्टी आठवली. कारण माझे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे : आपल्या मुली आता शिकतात, नोकरी मिळवतात, कष्टाला तर त्या कधीच मागे नव्हत्या. अडते ते सहीपाशी. अंतिम निर्णयाचा कागद समोर येतो, तेव्हा त्यावर सही कुणी करायची, हा खरा प्रश्न आहे.

शिक्षणाची वाट बरीच मोकळी झाली आहे, हे मान्य करायला हवे. अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. कल्याण-अहिल्यानगर रस्त्यावर सकाळी उभे राहिले, तर पाठीला दप्तर लावून ओतूरच्या गाडीची वाट पाहणाऱ्या मुली दिसतात. 2024 साली राज्य सरकारने आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ केले. आमच्या वेळी दहावीनंतर मुलीला पुढे शिकवायचे म्हणजे घरात दोन दिवस अबोला असायचा. आज आईबाप कर्ज काढून मुलीला पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला ठेवतात. हा बदल लहान नाही.

पण पुढे काय होते? मी एका बँकेत एकतीस वर्षे नोकरी केली. कारकून म्हणून लागले आणि शाखेची व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले. त्या काळात माझ्या टेबलावरून एक विशिष्ट अर्ज कितीदा तरी गेला. ‘कौटुंबिक अडचणीमुळे मी बढती स्वीकारू शकत नाही’, अशा मजकुराचा. अर्ज करणाऱ्या बहुतेक बायका असत. कामात चोख, परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेल्या, ग्राहक ज्यांचे नाव घेऊन शाखेत येत अशा. बढती घेतली की बदली होणार, बदली झाली की घराची घडी मोडणार, म्हणून त्या नाही म्हणत. त्यांच्यानंतर लागलेले पुरुष सहकारी पाच-सात वर्षांत त्यांचे साहेब होत. आणि मग लोक म्हणत, बायकांना महत्त्वाकांक्षाच नसते.

मी स्वतः बढतीच्या मुलाखतीला गेले, तेव्हा मला पहिला प्रश्न विचारला गेला, ‘मुलाचे काय करणार?’ माझ्या आधी आत गेलेल्या गृहस्थांनाही शाळेत जाणारी दोन मुले होती. त्यांना पीककर्जाच्या वसुलीविषयी विचारले होते. मी म्हणाले, ‘मुलाचे आम्ही दोघे मिळून बघू. मला वसुलीचा प्रश्न विचारा.’ समोरचे साहेब हसले आणि त्यांनी तो विचारला. बदली झाली ती दुसऱ्या जिल्ह्यात. सासूबाई सुरुवातीला नाराज होत्या. पण मुलाचा डबा त्यांनीच तीन वर्षे केला. मालकांनी भाकरी थापायला शिकून घेतली. मुलाचे दोन वाढदिवस माझ्याविना झाले. हे सुखाचे होते असे मी मुळीच सांगणार नाही. पण त्या खुर्चीवर बसल्यावर एक गोष्ट माझ्या हाती आली. बचत गटाच्या बायकांचे कर्जाचे अर्ज ‘वरून विचारून सांगतो’ म्हणून महिनोन्‌महिने पडून राहत. ते ‘वर’ म्हणजे आता मीच होते. नियमात बसणाऱ्या अर्जावर सही करायला मला वेळ लागला नाही.

म्हणून मुलींनो, अधिकाराची जागा मागणे म्हणजे मोठेपणाची हाव, असे समजू नका. एखादे काम वर्षानुवर्षे अडलेले तुम्हाला दिसते, ते सोडवण्याची अक्कल तुमच्यापाशी असते, मग ते सोडवण्याचा अधिकार मागण्यात लाजायचे काय?

हे काही आजचे नवे खूळ नव्हे. आपल्याच पुणे जिल्ह्यात, बारामती तालुक्यातल्या निंबुत गावात 1963 साली सगळ्याच्या सगळ्या बायकांची ग्रामपंचायत निवडून आली होती. कमलबाई काकडे सरपंच होत्या. त्या वेळी आरक्षण नव्हते. महाराष्ट्रात पंचायतींमध्ये स्त्रियांना तीस टक्के जागा मिळाल्या त्या 1990च्या सुमारास, 73व्या घटनादुरुस्तीने देशभर एकतृतीयांश झाल्या 1993मध्ये आणि आपल्या राज्यात निम्म्या झाल्या 2011मध्ये. म्हणजे निंबुतच्या बायका कायद्याच्या जवळजवळ तीस वर्षे पुढे होत्या.

आता कायदा आहे, तर दुखणे वेगळे आहे. सरपंच बाई असते आणि कारभार ‘सरपंचपती’ पाहतात. बैठकीला तेच, फोनवर तेच, आणि बाईंकडे कागद येतो तो फक्त सहीपुरता. ग्रामपंचायतीच्या धनादेशावर सरपंचाची सही लागते. ज्या कागदावर आपण सही करतो, त्याची जबाबदारी उद्या आपल्यावर येते. चौकशी लागली तर नोटीस पतीच्या नावे येत नाही. मी ओळखीच्या सरपंच बायकांना नेहमी सांगते, कागद आधी वाचा, समजला नाही तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला समजावून सांगायला लावा, आणि मगच सही करा. दोन-तीनदा असे झाले, की घरातलेही कागद नीट करून आणतात.

जमिनीचेही असेच. आपल्या शेजारच्या चाकणला कांद्याचे आंदोलन उभे करणाऱ्या शरद जोशींनी 1986 साली चांदवडला शेतकरी बायकांचे मोठे अधिवेशन घेतले. पुढे शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम हाती घेतला. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करावा, असे ते आवाहन होते. दान म्हणून मुळीच नाही. तिच्या कष्टाचे देणे फेडायचे म्हणून. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा महाराष्ट्राने 1994 साली दिला, देशाने 2005 साली. पण अजूनही लग्नानंतर बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची रीत गावोगाव आहे. बहिणीही ‘माहेर तुटायला नको’ म्हणून सही करून टाकतात. बाईकडून सही मागायला कुणी चुकत नाही, पण ती बहुधा काहीतरी सोडून देण्यासाठी असते, हे लक्षात घ्या.

शिकलेल्या मुलीच पुढे येऊ शकतात, असाही एक समज आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना सिन्हा यांनी गावच्या बायकांना घेऊन बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. बायकांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. गावात शाळाच नव्हती म्हणून लिहिता येत नव्हते, पण हिशेब आम्हाला येतो, असे त्यांनी साहेबांना सांगितले. कुठल्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय करायला सांगा, बघू कोण आधी सांगते! 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बँकेत उमेद घालवल्यामुळे मला ही गोष्ट जास्त भावते. व्याज तोंडी काढणाऱ्या बायका मी आळेफाट्याच्या बाजारातही पाहिल्या आहेत. फक्त त्यांना कुणी बँक काढायला सांगितले नव्हते.

आणि आपला जुन्नर तालुका तर याबाबतीत फार जुना आहे. शिवनेरी आणि जिजाऊंचे नाव आपण रोज घेतो. पण नाणेघाटाच्या लेण्यात जाऊन पाहा. सातवाहन राणी नागनिकेचा लेख तिथे दगडात कोरलेला आहे. पती सातकर्णी गेल्यावर, मुले लहान असताना, तिने राज्य सांभाळले. त्या लेखात यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाणी यांचे चक्क आकडे आहेत. आपल्याकडच्या अंकलेखनाच्या अगदी जुन्या पुराव्यांत तो लेख मोजला जातो. कोकणातून घाटमाथ्यावर येणारा व्यापारी मार्ग तोच. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी जाता-येता सर्वांना दिसेल अशा जागी एका बाईने आपला हिशेब लिहून ठेवला.

इतके मागे जायचे नसेल, तर नारायणगावला या. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांना आपण थोर कलावंत म्हणून ओळखतो. 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. पण त्या फडमालकीणही होत्या, हे आपण विसरतो. फड चालवायचा म्हणजे कलावंतांना उचल द्यायची, गाड्या-तंबू सांभाळायचे, गावच्या पंचांशी सुपारी ठरवायची, पाऊस आला तरी माणसांच्या पोटाची सोय बघायची. शंभर माणसांचा कारखाना चालवण्यापेक्षा हे काम हलके नाही. एवढ्या मोठ्या बाईंचे अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले, हेही लक्षात ठेवायला हवे. 2002 साली त्या गेल्या आणि 2006पासून सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देते.

मोठ्या शहरांत सारे आलबेल आहे, असेही नाही. 1955 साली स्थापन झालेल्या स्टेट बँकेला पहिल्या महिला अध्यक्ष, अरुंधती भट्टाचार्य, 2013 साली मिळाल्या. 1960 साली जन्मलेल्या महाराष्ट्राला पहिल्या महिला मुख्य सचिव, सुजाता सौनिक, मिळायला 2024 साल उजाडावे लागले. वाट आहे, पण लांबची आहे. म्हणून लवकर निघावे.

काही साध्या गोष्टी सांगते. कॉलेजात असाल, तर गॅदरिंगच्या समितीत स्वागताची ताटे धरायचे काम घेऊ नका, खर्चाचा हिशेब मागून घ्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असे कायदाच सांगतो. ती आपल्या गावात होते का, ते विचारा आणि होत असेल तर तिथे उभे राहून एक तरी प्रश्न मांडा. नोकरी लागली, की पहिल्या पगारापासून स्वतःचे खाते स्वतः चालवा. लग्न ठरवताना पगार आणि पत्रिका यांच्याबरोबर बढती आणि बदलीविषयीही बोलून घ्या. आणि बढतीचा कागद आला, तर नाही म्हणण्याआधी घरी बसून नीट विचारा, की मी गेले तर नेमके काय अडेल. बहुतेक अडचणींना डब्याइतकाच साधा उपाय सापडतो.

आईवडिलांनाही काही सांगायचे आहे. मुलीची काळजी मी समजू शकते. आमच्या भागात संध्याकाळनंतर बाहेर पडायचे म्हणजे बिबट्याची भीती खरी आहे. 2024 साली आमच्या गावच्या शिवारात त्याच्या हल्ल्यात बायकांचे जीव गेले. त्यावर मुलीचा क्लास बंद करणे हा सोपा उपाय झाला. रस्त्यावर दिवे, शेतीपंपांना दिवसा वीज, क्लासच्या वेळेला जुळणारी एसटी, हे अवघड उपाय. ते मागायला आणि मिळवायला पंचायतीत, महावितरणात, वन खात्यात, आगारात निर्णय घेणाऱ्या खुर्चीवर अशी माणसे हवीत, ज्यांनी अंधारात शेताच्या बांधावरून चालताना जीव मुठीत धरला आहे. त्या बायका आहेत, आणि तुमच्या मुली आहेत.

येत्या हंगामात कांद्याची पट्टी घरी आली, की ती हातात घ्या, वाचा, आणि नाव कुणाचे आहे ते पाहा. पुढच्या वेळी त्यावर आईचे नाव घालायचे का, हा विषय जेवताना काढा. पहिल्या दिवशी घरचे हसतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा.