धोटा आणि नंदीध्वज

(सोलापूर येथील एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



जपानमधील आयची प्रांत जगाला ठाऊक आहे तो टोयोटा मोटारींमुळे. त्या प्रांताची राजधानी नागोया. तेथे येणाऱ्या प्रवाशाला लाल विटांची एक जुनी इमारत आवर्जून दाखवली जाते. 1911 साली उभ्या राहिलेल्या कापड गिरणीच्या जागेवर टोयोटा समूहाने 1994 मध्ये उघडलेले हे संग्रहालय. मोटारी पाहायच्या म्हणून आत शिरलेल्या माणसाला आधी भेटतो तो माग. सूतकताई, हातमाग, यंत्रमाग असा सारा प्रवास झाल्यावरच मोटारींचे दालन येते. जपानी पाहुण्यांना याचे नवल वाटत असेल. सोलापूरच्या माणसाला मात्र तेथे घरी आल्यासारखे वाटावे.

टोयोटाचे मूळ पुरुष साकिची टोयोडा हे 1867 साली जन्मलेले, एका सुताराचे चिरंजीव. घरोघरी स्त्रिया मागावर कष्टताना पाहिल्या, आणि ते कष्ट हलके करण्याचा ध्यास त्यांनी घेतला. 1890 मध्ये त्यांनी सुधारलेला लाकडी हातमाग तयार केला. 1924 चा त्यांचा स्वयंचलित माग तर असा की, चालता चालता धोटा बदलावा आणि धागा तुटला की आपण होऊन थांबावे. धागा तुटलेला असताना विणत राहिलेले कापड काय कामाचे, हा कोणत्याही विणकराच्या घरातला प्रश्न. त्यांनी तो यंत्रात बसवला. 1926 मध्ये कारिया येथे मागांचा कारखाना निघाला. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने त्या मागाचे हक्क विकत घेतले. ज्यांच्याकडून जग यंत्रे आणीत होते, तेच गिऱ्हाईक होऊन आले! साकिचींचे पुत्र किइचिरो यांनी याच कारखान्यात 1933 मध्ये मोटारींचा विभाग काढला आणि 1937 मध्ये त्याची स्वतंत्र कंपनी झाली. चूक दिसताच काम थांबवायचे, हा मागाचा धर्म मोटारींच्या कारखान्यानेही आपलासा केला.

याच प्रांतात आरिमात्सु हे गाव आहे. 1608 पासून तेथे कापड बांधून रंगवण्याची कला चालत आली आहे, आपल्या बांधणीची जणू धाकटी बहीण. इनुयामा गावी एप्रिलमध्ये तेरा रथ निघतात आणि त्यांवर दोऱ्यांनी हलणाऱ्या यांत्रिक बाहुल्या नाचतात. शेजारच्या मिए प्रांतातील इसे येथील देवस्थान तर दर वीस वर्षांनी नव्याने बांधले जाते. यादवीच्या काळातील खंड सोडला, तर ही रीत तेराशे वर्षांची आहे. अलीकडचे बांधकाम 2013 चे. वीस वर्षांचे अंतर मोठे हिशेबी आहे. तरुणपणी हाताखाली शिकलेला सुतार पुढच्या खेपेला स्वतः बांधतो आणि त्याच्या पुढच्या खेपेला शिकवतो.

जपानचे कौतुक करताना सोलापूरकराला एक गोष्ट विसरता येत नाही. जपानी आक्रमणात होरपळणाऱ्या चीनमध्ये 1938 साली रुग्णसेवेसाठी गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच शहराचे सुपुत्र. 1942 मध्ये तेथेच त्यांचा देह पडला. तेव्हा कौतुक करावे, पण डोळे उघडे ठेवून.

आता आपल्या शहराकडे वळू. 1877 साली येथे ‘जुनी गिरणी’ सुरू झाली. त्यानंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या गिरण्या आल्या आणि गिरणीचा भोंगा हेच घराघरातले घड्याळ झाले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली बांधवांनी हातमाग आणि पुढे यंत्रमाग आणले, रुजवले. त्यांच्या परंपरेत मार्कंडेयपुत्र भावनाऋषींनी कमळाच्या तंतूंपासून पहिले वस्त्र विणले, असे मानतात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ पूर्वभागातून निघतो, तेव्हा एका व्यवसायाचेच दैवत रस्त्यावर येते.

तिकडे संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा. बाराव्या शतकातील या शिवयोग्यांनी अडुसष्ट लिंगे स्थापिली, तलाव खोदला. उंच वेळूचे सात नंदीध्वज पेलणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. पांढऱ्या बाराबंदीतले तरुण आधी कित्येक दिवस त्याचा सराव करतात, तोल सांभाळणे जुन्या भक्तांकडून शिकतात. नंदीध्वजांचे मान निरनिराळ्या समाजांकडे आहेत. इसेचा सुतार जे करतो, तेच सोलापूरचा नंदीध्वजधारी करतो.

मग मागाच्या बाबतीत तसे का होऊ नये? गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्याची कारणे अनेक, आणि ती एका भाषणात मावणारी नाहीत. पण गिरणीबरोबर तिची आठवणही आपण भंगारात काढली, याला बाजार जबाबदार नाही. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांची भौगोलिक निर्देशन कायद्याखाली नोंद झाली, तरीही बाहेरगावी विणलेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून खपते. कारण घेणाऱ्याने खरी चादर विणली जाताना कधी पाहिलेलीच नसते. पाहुणा येतो, स्टेशनजवळ चादर घेतो आणि तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोटच्या वाटेला लागतो. जेकार्डचे पुठ्ठे नक्षी कशी धरतात, हे त्याला कोणी दाखवत नाही. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट ही, की विणकराच्या मुलालाही ते दाखवले जात नाही. बाप माग चालवतो, आई विड्या वळते, आणि मुलगा शिकून पुण्याला जातो. तो जाणारच, त्याने जाऊ नये असे कोणी म्हणू नये. पण साकिचींचा मुलगाही शिकायला विद्यापीठात गेला होता. तो परत आला, तेव्हा त्याला वडिलांचा माग लाज वाटण्याजोगा वाटला नाही.

संक्रांतीला होम मैदानावर गड्डा भरतो. पाळणे येतात, खेळण्यांची दुकाने येतात, गावोगावची माणसे मुलाबाळांसह येतात. एक हातमाग आणि एक चादरीचा यंत्रमाग चालू ठेवायला तेथे एका दुकानाएवढी जागा पुरेल. शेजारी एखादा जुना जॉबर किंवा विणकर बसवावा. मुलांनी धागा तोडावा, त्याने तो जोडून दाखवावा. याला ना सरकारी योजना लागते, ना परदेशी तज्ज्ञ. यात्रेला अजून अवधी आहे. यंत्रमागधारक आणि यात्रेची व्यवस्था पाहणारी मंडळी यांनी एकदा एकत्र बसावे, एवढीच विनंती.