वंशवृक्षातील नाती आणि संगणक



वंशवृक्ष हा कुळाचा विषय आणि संगणक हा आकडेमोडीचा. या दोहोंची सोयरीक कशी जुळली, असे आपणांस वाटले असेल. ती जुळली आहे, आणि एका खटल्यात तर सहा माणसांच्या प्राणांचा प्रश्न तिच्याशी येऊन भिडला होता.

सजीवांच्या वंशाचे झाड चार्लस डार्विनने १८३७ साली आपल्या टिपणवहीत रेखाटले. १८५९ सालच्या त्याच्या ग्रंथात आकृती एकच आहे, आणि तीही अशा शाखांचीच. परंतु हे झाड वाचताना आपली फसगत होते, कारण आपण नाते ठरवतो ते तोंडवळ्यावरून. मगर पालीसारखी दिसते, म्हणून ती पालीची बहीण, असे आपण म्हणतो. वस्तुतः मगरीचे जवळचे नाते पाखरांशी आहे. मगर आणि कोंबडी यांचा शेवटचा समाईक पूर्वज हा मगर आणि पाल यांच्या समाईक पूर्वजाहून अलीकडचा आहे. कुलवृत्तांत चाळणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको. एकाच आडनावाचे दोन गृहस्थ भेटले, तर ते एकमेकांचे नाक न्याहाळीत नाहीत. 'आपले पणजोबा कोणते?' असे विचारतात.

संगणकाला हेच शिकवावे लागते. त्याच्यापुढे झाड नसते, दोन रकान्यांचा तक्ता असतो. डावीकडे जनकाचा क्रमांक, उजवीकडे अपत्याचा. 'आर' या संगणकभाषेतील 'एप' नावाच्या संचात झाड असेच साठवलेले असते. त्याला विचारावयाच्या ठराविक प्रश्नांना फंक्शन म्हणतात. जनक कोण? उजव्या रकान्यात क्रमांक शोधावा आणि डावीकडचा आकडा वाचावा. भावंडे कोणती? जनकाची सर्व अपत्ये घ्यावीत आणि स्वतःला वगळावे. समाईक पूर्वज कोण? एकाच्या पूर्वजांची यादी थेट मुळापर्यंत करावी, मग दुसऱ्याच्या फांदीवरून एकेक पायरी वर चढावे. यादीतला जो पूर्वज प्रथम भेटेल, तोच उत्तर. आणखी एक प्रश्न असा की, या गटात एका पूर्वजाचे सगळे वंशज आले आहेत काय? 'सरपटणारे प्राणी' हा आपला जुना गट येथे नापास होतो, कारण पाखरांना आपण त्यातून बाहेर ठेवले आहे.

आता तो खटला. लिबियातील बेंगाझी शहरी मुलांच्या एका रुग्णालयात चारशेहून अधिक बालकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे १९९८ साली उघडकीस आले. पाच बल्गेरियन परिचारिका आणि एक पॅलेस्टिनी डॉक्टर यांनी ती मुद्दाम केली, असा आरोप ठेवून २००४ साली त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला. हे सहाजण तेथे कामावर आले होते मार्च १९९८ मध्ये. हा विषाणू झपाट्याने बदलतो. म्हणून बदल मोजून त्याच्या फांद्यांचे वय काढता येते. संशोधकांनी मुलांच्या रक्तातील विषाणूंचे झाड मांडले, आणि त्यांचा शेवटचा समाईक पूर्वज केव्हाचा, हा प्रश्न केला. कालगणनेची निरनिराळी गृहीतके घेऊनही उत्तर एकाच दिशेचे आले: तो बहुधा मार्च १९९८ पूर्वीचाच. म्हणजे आरोपी येण्याआधीच विषाणू तेथे पसरू लागला होता. हा निष्कर्ष डिसेंबर २००६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. त्याच महिन्यात न्यायालयाने पुन्हा मृत्युदंडच दिला! पुढे शिक्षा सौम्य झाली आणि राजनैतिक वाटाघाटींनंतर जुलै २००७ मध्ये ते सहाजण सुटले. पुरावा शास्त्राने दिला. तो मानणे न मानणे मात्र माणसांच्या हाती राहिले.

यावरून संगणक म्हणेल ते ब्रह्मवाक्य, असे मात्र कोणी समजू नये. फंक्शन झाडावर चढते, झाड लावीत नाही. मूळ भलत्या फांदीवर मानले, तर जनकाचे अपत्य आणि अपत्याचा जनक होतो, आणि यंत्र तेही उत्तर तितक्याच शांतपणे देते. म्हणून नात्याचा दावा पुढे आला की दोन गोष्टी विचाराव्यात: समाईक पूर्वज कोणता, आणि हे झाड कशाच्या आधारावर उभे आहे? एवढी सवय आपणां सर्वांस लागली, तर आजचा आपला वेळ सार्थकी लागला असे आम्ही मानू.