चाचणी झाली, पण कधी?



पॉवरलिफ्टिंग म्हणजे काय, हे मी सांगत बसत नाही. स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट हे शब्द आता तालुक्याच्या गावातल्या पोरांच्याही तोंडी असतात, आणि हे भाषण ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरातलं कुणीतरी रोज संध्याकाळी जिमला जातच असेल. मला वेळ थोडा आहे आणि सांगायची गोष्ट एकच आहे. ती मी दोन-तीनदा सांगेन, कारण ऐकता ऐकता ती निसटते. अमुक खेळाडूची उत्तेजक द्रव्यांची चाचणी झाली आणि निगेटिव्ह आली, असं कुणी सांगितलं, तर पहिला प्रश्न विचारा, चाचणी कधी झाली? निकाल काय लागला हे नंतर विचारा.

हा प्रश्न मला इतका का छळतो, ते कळायला आमची मंडळी कशी आहेत ते पाहायला हवं. जिल्हा स्पर्धेत जाऊन बघा. ज्याच्याशी तुमची पदकासाठी झुंज आहे, तोच तुमच्या गुडघ्याला रॅप आवळून देतो. पाठीवर दोनशे किलोचा बार घेऊन तुम्ही खाली बसता, तेव्हा मागे आणि दोन्ही बाजूंना उभे असलेले स्पॉटर बहुतेक वेळा अनोळखी असतात. दुसऱ्याच गावच्या जिमची पोरं. पाय लटपटले तर ती धरतील, या भरवशावर माणूस खाली बसतो. चौदा वर्षांच्या सब-ज्युनिअर मुलीपासून साठी उलटलेल्या मास्टर्सपर्यंत सगळे एकाच मंचावर येतात. तिसऱ्या अटेम्प्टला बार जमिनीवरून हलत नसला की सगळा हॉल ओरडतो, विरोधी जिमचा कोचसुद्धा. तीनपैकी दोन पंचांचे पांढरे दिवे लागले की टाळ्या सगळ्यांच्याच. इतका विश्वास मी दुसऱ्या फार थोड्या खेळांत पाहिला आहे.

आणि याच हॉलमध्ये मागच्या रांगेत कुजबुज चालते. एखाद्याची टोटल वर्षात पन्नास किलोनं वाढली, की भुवया वर जातात. तो पहाटे उठून घाम गाळत असेल, नोकरी सांभाळून, घरचं दूध-अंडी खाऊन वाढला असेल. पण त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं. आणि ज्यानं इंजेक्शनं घेतली आहेत, त्याच्या खिशात मात्र निगेटिव्ह चाचणीचा कागद असू शकतो. हे कसं होतं?

दूध संकलन केंद्रावर सकाळी काय चालतं, ते डोळ्यांसमोर आणा. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या श्रोत्यांना हे सांगायला नको. केंद्रावरचा माणूस दुधात लॅक्टोमीटर सोडतो आणि डिग्री बघतो. पाणी घातलं असेल तर डिग्री उतरते. म्हणून लबाडी करणारा पाण्याबरोबर साखर घालतो, युरिया घालतो, आणि डिग्री पुन्हा जागेवर येते. लॅक्टोमीटर खोटं बोलत नाही. तो फक्त त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

आमच्या चाचणीत अगदी हेच घडलं आहे. टेस्टोस्टेरॉन प्रत्येकाच्या शरीरात असतंच. त्याच्या जोडीला एपिटेस्टोस्टेरॉन नावाचं द्रव्य असतं, ज्यानं ताकद वाढत नाही. लघवीतलं या दोघांचं प्रमाण बहुतेक माणसांत एकास एकच्या आसपास असतं. ते चाराच्या वर गेलं की प्रयोगशाळेला संशय येतो. ही झाली डिग्री. मग काय केलं लोकांनी? २००३ साली अमेरिकेत बाल्को नावाच्या कंपनीनं खेळाडूंना उत्तेजकं पुरवल्याचं प्रकरण उघडकीला आलं. त्यात अंगाला लावायचं एक मलम होतं. त्यात टेस्टोस्टेरॉन होतं, आणि सोबत एपिटेस्टोस्टेरॉनही घातलेलं होतं. पाण्याबरोबर साखर.

बरं, सगळ्या म्हशींचं दूधही सारखं नसतं. २००६ साली स्वीडिश आणि कोरियन पुरुषांची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. टेस्टोस्टेरॉन लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करणारं एक जनुक काहींच्या शरीरात नसतंच. कोरियन पुरुषांत असे सुमारे दोन तृतीयांश निघाले, स्वीडिश पुरुषांत दहातला एकही नाही. या लोकांचं प्रमाण मुळातच खूप खाली असतं, त्यामुळे त्यांच्यातले काही जण इंजेक्शन घेऊनही चाराच्या आतच राहतात. म्हणून आता एका माणसाची तुलना दुसऱ्याशी करत बसत नाहीत, त्याच्या स्वतःच्या जुन्या आकड्यांशी करतात. याला खेळाडूचा जैविक पासपोर्ट म्हणतात, आणि त्यात स्टेरॉइडचा भाग २०१४ पासून आला. एकाच म्हशीच्या दुधाची वर्षानुवर्षांची वही, असं समजा. वहीत एकदम वेगळा आकडा दिसला, तर मग कार्बनची तपासणी करतात. औषध कंपन्यांचं टेस्टोस्टेरॉन सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून बनतं. त्यातल्या कार्बनची ठेवण माणसाच्या शरीरात तयार झालेल्या टेस्टोस्टेरॉनपेक्षा वेगळी असते, आणि ती पकडता येते. ही तपासणी फार चांगली आहे, पण खर्चिक आहे, सरसकट सगळ्या नमुन्यांची होत नाही.

म्हणजे यंत्रं आणि शास्त्र पुष्कळ पुढे गेलं आहे. मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. तपासणीला साहेब गुरुवारी येतात हे गावाला ठाऊक असेल, तर गुरुवारचं दूध निर्भेळच येणार. मग लॅक्टोमीटर कितीही महागाचा आणा. स्पर्धेचा दिवस हा आमच्या खेळातला गुरुवार आहे. तारीख तीन महिने आधी कळलेली असते.

तेलात मिसळलेलं नँड्रोलोन नावाचं स्टेरॉइड टोचलं, तर त्याच्या खुणा महिनोन्महिने सापडतात. ते घेऊन स्पर्धेला येणारा पकडला जातो. पण टेस्टोस्टेरॉनचं जेल थोडं थोडं लावणाऱ्याच्या खुणा एक-दोन दिवसांत पुसट होतात. आणि औषध शरीरातून गेलं म्हणून त्यानं मिळवून दिलेली ताकद लगेच जात नाही. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१३ साली उंदरांवर प्रयोग केला. उंदरांना थोडे दिवस टेस्टोस्टेरॉन दिलं, मग तीन महिने बंद ठेवलं, आणि नंतर त्यांच्या स्नायूंवर भार टाकला. ज्यांना पूर्वी औषध मिळालं होतं, त्यांचे स्नायू सहा दिवसांत इतरांपेक्षा कितीतरी जास्त वाढले. उंदीर म्हणजे माणूस नाही, हे मान्य. तरी विचार करा, स्पर्धेच्या दिवशी नमुन्याच्या बाटलीत काही सापडलं नाही, तर नेमकं काय सिद्ध झालं? म्हणून म्हणतो, कधी झाली ते विचारा.

आता लंडनचं उदाहरण घेतो. खेळ वेटलिफ्टिंगचा आहे, पण लोखंड तेच. २०१२च्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या ९४ किलो गटात कझाकस्तानचा इल्या इलिन जिंकला. त्या वेळच्या चाचण्यांत त्याच्यात काही सापडलं नाही. पण ऑलिंपिकचे नमुने गोठवून ठेवतात, दहा वर्षांपर्यंत ते पुन्हा तपासता येतात. मधल्या काळात स्टेरॉइडच्या जास्त दिवस टिकणाऱ्या खुणा शोधायची नवी पद्धत आली, आणि २०१६ पासून जुन्या बाटल्या उघडल्या गेल्या. पहिले चारही जण बाद झाले. सहावा आणि सातवाही गेला. सुवर्णपदक त्या दिवशी पाचवा आलेल्या इराणच्या सईद मोहम्मदपूरकडे गेलं, रौप्य आठव्याला, कांस्य नवव्याला. तो नववा आलेला माणूस त्या संध्याकाळी काय मनात घेऊन घरी गेला असेल? आमच्या जिल्ह्यात जो नववा येतो, त्याच्यासाठी बाटल्या गोठवून ठेवणारं कुणी नाही. मला काळजी त्याची वाटते.

२०११ साली दक्षिण कोरियात देगूला जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा झाली. नाव कळणार नाही अशा पद्धतीनं तिथल्या खेळाडूंना विचारण्यात आलं, तेव्हा त्यातून निघालेला अंदाज होता की गेल्या वर्षभरात सुमारे ४४ टक्क्यांनी बंदी असलेलं काही ना काही घेतलं होतं. आणि जगभरच्या प्रयोगशाळांत दरवर्षी सापडतात ते एक-दोन टक्के. मधले सगळे कुठे जातात? ते गुरुवारी स्वच्छ असतात.

आपल्याकडचं पाहा. २०२३ साली भारतात साडेपाच हजारांहून जास्त नमुने तपासले गेले, त्यांतले ३.८ टक्के पॉझिटिव्ह निघाले. इतक्या चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण फार वरचं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्ली राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे, म्हणजे नाडाचे, अधिकारी आल्याची बातमी पसरली, आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला. स्वच्छतागृहात सुया सापडल्याची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. लोकांनी त्यावर हळहळ व्यक्त केली. मला मात्र त्यातून फार मोठी गोष्ट दिसली. न सांगता आलेल्या अधिकाऱ्यांनी एका दिवसात जे उघडं केलं, ते ठरल्या वेळच्या चाचण्यांना जमलं नसतं.

देशातले वरचे खेळाडू नाडाच्या यादीत असतात. रोजचा एक तास कुठे सापडू, हे त्यांना कळवावं लागतं, आणि बारा महिन्यांत तीनदा चुकलं तर बंदी येते. पॉवरलिफ्टिंगची किती पोरं या यादीत असणार? आमचा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही. राज्य पातळीवरच्या मुलाच्या दारात पहाटे सहाला कुणीही येत नाही, आणि हे त्याला ठाऊक असतं, त्याच्या सरांनाही ठाऊक असतं.

अशा चाचण्यांचा खर्च कुणी करायचा, हा खरा पेच. अमेरिकेत आमचा खेळ चाचण्यांच्या प्रश्नावर दुभंगला. १९८१ साली तिथे औषधमुक्त खेळणाऱ्यांनी स्वतःची वेगळी संघटना काढली. पुढे तीच यूएसए पॉवरलिफ्टिंग झाली. ही संघटना लहानसहान स्थानिक स्पर्धांतही चाचण्या घ्यायची, पण खर्च झेपावा म्हणून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, म्हणजे वाडाची, मान्यता नसलेल्या प्रयोगशाळाही वापरायची. आंतरराष्ट्रीय महासंघ म्हणाला, वाडाच्या नियमांनीच तपासा. शेवटी नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांना महासंघातून काढलं. म्हणजे गावोगाव साधे लॅक्टोमीटर ठेवायचे, की सगळं दूध मोठ्या डेअरीच्या प्रयोगशाळेतच न्यायचं? एखाद्या पोराची चार वर्षं बंदीत जाणार असतील, तर तपासणी पक्कीच हवी, यात मला शंका नाही. मोठ्या प्रयोगशाळाही चुकतात. दिल्लीच्या आपल्या प्रयोगशाळेची मान्यता वाडानं ऑगस्ट २०१९ मध्ये थांबवली होती, ती डिसेंबर २०२१ मध्ये परत मिळाली. तोवर नमुने परदेशी पाठवावे लागत. पण पक्की तपासणी महाग म्हणून खाली काहीच करायचं नाही, हे मला पटत नाही. निदान जिल्हा संघटनांनी वर्षातून काही मोजके नमुने, चिठ्ठ्या टाकून, स्पर्धा नसलेल्या महिन्यात तपासावेत. त्यासाठी प्रवेश फीमधले थोडे पैसे बाजूला काढता येतील का, ते पाहावं. 

सप्लिमेंटबद्दल दोन वाक्यं सांगितलीच पाहिजेत. जर्मनीत कोलोनच्या प्रयोगशाळेनं १३ देशांतून ६३४ डबे विकत घेऊन तपासले. सुमारे १५ टक्क्यांत डब्यावर न लिहिलेली हार्मोनं सापडली. ही २००४ साली प्रसिद्ध झालेली गोष्ट आहे. तेव्हा जिममध्ये पोरांच्या हातात डबा देणाऱ्या सरांनो, तो कुठून आला हे तुम्हाला माहीत नसेल तर देऊ नका. रागवून सांगतो आहे, कारण शिक्षा पोराला होते. नियम असा आहे की शरीरात जे सापडेल, त्याला खेळाडू जबाबदार. ‘सरांनी दिलं’ हे तिथे चालत नाही.

आणि आई-वडिलांसाठी. कधीतरी तुमच्या मुलाच्या किंवा मुलीच्या जिममध्ये नाडाचे अधिकारी न सांगता आले, तर त्याला मागच्या दारानं घरी बोलावून घेऊ नका. नमुना द्यायला नकार दिला, तर पॉझिटिव्ह निघाल्याइतकीच, म्हणजे चार वर्षांपर्यंतची बंदी येते. अठरा वर्षांखालच्या मुलाबरोबर मोठं माणूस थांबू शकतं, तुम्ही थांबा. बाटल्यांचा संच त्याला स्वतः निवडू द्या, बाटलीवरचा क्रमांक फॉर्मवरच्या क्रमांकाशी त्याला स्वतः जुळवू द्या. आणि गेल्या सात दिवसांत घेतलेली प्रत्येक गोळी, प्रत्येक पावडर त्या फॉर्मवर लिहायला लावा, सर्दीची गोळीसुद्धा.