ज्याच्या उत्तराची कोणी वाट पाहते, ते गणित
(स्वागताध्यक्षीय भाषण, तात्यापारा, रायपूर)



उच्च प्राथमिक स्तरावरील, म्हणजे इयत्ता सहावी ते आठवीच्या, गणित-अध्यापनाचा विचार करण्यासाठी ही परिषद रायपूरच्या तात्यापाऱ्यात भरली आहे. छत्तीसगढीत ‘पारा’ म्हणजे वस्ती. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाबरोबर अठराव्या शतकात मराठी माणसे या प्रदेशात आली, येथलीच झाली, आणि रायपूरच्या जुन्या भागातील तात्यापारा ही त्यांची वस्ती म्हणून ओळखली जाऊ लागली. या मातीत रुजलेल्या मराठी मंडळींनी आपली विद्या आपल्यापुरती ठेवली नाही. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, आणि त्या कामातील त्यांचे सहकारी वामनराव लाखे यांनी १९१३ साली रायपुरात सहकारी बँकेचा पाया घातला. सावकाराच्या वहीतले व्याज शेतकऱ्याला कळावे आणि त्याच्या आवाक्यात यावे, हा सहकाराचा हेतू लक्षात घेतला, तर सातवी-आठवीच्या पुस्तकातील ‘व्याज’ हा धडा या शहराने शंभर वर्षांपूर्वीच प्रत्यक्ष जगून पाहिला, असे म्हणता येते.

या परिषदेपुढील प्रश्न याच ठिकाणी उभा राहतो. पाचवीपर्यंत गणितात रमणारे मूल सहावीत अपूर्णांक, ऋण संख्या, गुणोत्तर आणि बैजिक राशी एकामागून एक समोर आल्यावर बिचकू लागते, आणि आठवी संपेपर्यंत ‘गणित आपल्याला जमत नाही’ हा समज त्याच्या मनात पक्का होतो. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने गणित शिकवण्याचे मुख्य उद्दिष्ट ‘गणितीकरण’ हे सांगितले. समोरच्या परिस्थितीकडे संख्या, आकार आणि संबंध यांच्या नजरेने पाहण्याची व त्यातून तर्काने निष्कर्ष काढण्याची सवय, असा त्या संज्ञेचा अर्थ आहे. ही सवय केवळ सोडवून दाखवलेल्या उदाहरणांच्या नकलेने लागत नाही, हे अनुभवी अध्यापकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

तथापि ‘गणित जीवनाशी जोडा’ एवढे म्हटल्याने प्रश्न सुटत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर फळे-खाद्यपदार्थ विकणाऱ्या मुलांचा जो अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला, त्यात गिऱ्हाइकाशी व्यवहार करताना मुलांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली, आणि तीच आकडेमोड कागदावर नुसत्या संख्यांच्या रूपात दिल्यावर ते प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर उतरले. दिल्ली व कोलकाता येथील बाजारात काम करणाऱ्या मुलांविषयी २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हेच भारतात दाखवले आणि त्याची दुसरी बाजूही पुढे आणली, ती अशी की शाळेत नियमित जाणारी मुले वहीतील गणिते सोडवू शकत असूनही बाजारातला हिशेब तोंडी करताना अडखळतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील संशोधकांनी धारावीच्या लहान उद्योगांत वावरणाऱ्या मुलांचे मोजमापाचे ज्ञान तपासले, तेव्हा ते शाळेबाहेर किती समृद्ध असते आणि वर्गात त्याला किती थोडी जागा मिळते, हे दिसून आले. बाजार आणि वही यांच्यामध्ये जे अंतर आहे ते दोन्हीकडून आहे, आणि कोणीतरी हेतुपुरस्सर ये-जा घडवून आणल्याशिवाय ते आपोआप मिटत नाही. गणिताच्या वर्गात घेतले जाणारे प्रकल्प आणि बोलावले जाणारे पाहुणे व्याख्याते यांचे खरे प्रयोजन ही ये-जा घडवणे हे आहे. वर्गाची करमणूक हे नव्हे.

मराठी परंपरेत ही ये-जा नवी नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी खानदेशातील चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन केला, आणि तेथील शके ११२८ च्या शिलालेखात, पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरील कराचे उत्पन्न त्या मठाला लावून दिल्याची नोंद जुन्या मराठीत कोरलेली आहे. गणिताच्या पाठशाळेचा खर्च बाजारपेठेने उचलावा, ही व्यवस्था आठशे वर्षांपूर्वी मराठी मुलखात होती. पुढच्या काळातील पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे अनुक्रमे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे, हेही पेढीवरच्या आणि धान्याच्या हिशेबासाठीच मुखोद्गत केले जात.

या अडीचकीचे काम छत्तीसगढमध्ये आजही संपलेले नाही. २०२३-२४ च्या खरीप हंगामात राज्यात एकरी २१ क्विंटलपर्यंत धान क्विंटलला ३१०० रुपये या दराने घेण्याचे ठरले, आणि खरेदी केंद्रावर धान ४० किलो भरतीच्या पोत्यांत मोजले जाते. एका क्विंटलची अडीच पोती होतात, म्हणून एका एकराच्या धानाला किती बारदाना लागेल, तर एकवीस अडीचे साडेबावन्न पोती. पण अर्धे पोते बाजारात मिळत नाही, म्हणून शेतकऱ्याला त्रेपन्न पोती आणावी लागतात. उत्तर कोठे पूर्णांकात वर न्यायचे आणि कोठे अपूर्णांकातच ठेवायचे, हा विवेक पाठ्यपुस्तक एका ओळीत सांगते. पोत्यांच्या या हिशेबात तो कायमचा समजतो. रक्कम काढताना मात्र साडेबावन्नच धरायचे, म्हणजे ६५,१०० रुपये, हेही त्याच बैठकीत मुलाला उमगते.

याहून सूक्ष्म गणित ओलाव्याचे आहे. खरेदीसाठी धानातील ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे. एखाद्याचे १०० किलो धान २० टक्के ओलाव्याचे निघाले आणि ते वाळवून १७ टक्क्यांवर आणले, तर वजन किती घटेल, असे सातवीच्या वर्गाला विचारल्यास बहुतेक हात ‘तीन किलो’ या उत्तरासाठी वर जातील. परंतु वाळताना फक्त पाणी जाते, ८० किलो कोरडा दाणा तसाच राहतो, आणि हा ८० किलो आता एकूण वजनाचा ८३ टक्के झालेला असतो. म्हणून नवे वजन ८० भागिले ०.८३, म्हणजे सुमारे ९६.४ किलो येते आणि घट तीन नव्हे तर सुमारे ३.६ किलो भरते. शेकडेवारीत ‘कशाचे शेकडा’ हा प्रश्न आधी विचारायचा असतो, ही या विषयातील सर्वांत अवघड गोष्ट येथे खळ्यावरच्या धानाच्या राशीत उलगडते. हा हिशेब ज्याला दर हंगामात सोसावा लागतो, तो शेतकरी वर्गात येऊन बसला, तर मुलांनी काढलेले उत्तर त्याच्या कामाचे ठरते.

पाहुणा बोलावण्याचा अर्थ म्हणूनच नीट ठरवायला हवा. यशस्वी व्यक्तीने येऊन ‘गणित फार महत्त्वाचे आहे’ असे सांगावे, टाळ्या व्हाव्यात आणि आभारप्रदर्शनाने तास संपावा, यातून मुलांच्या हाती काही लागत नाही. पाहुण्याने आपला हिशेब बरोबर आणावा : शिंप्याने ब्लाउजचा बेत आणावा, गवंड्याने ओळंबा आणि गुण्या आणावा, गिरणीवाल्याने १०० किलो धानामागे ६७ किलो तांदूळ हा उतारा आणावा, सहकारी संस्थेच्या सचिवाने कर्जखात्याचा नमुना आणावा. मुख्य म्हणजे त्याने एक असा प्रश्न आणावा, ज्याचे उत्तर त्याला स्वतःला हवे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्या दिवसांत त्यांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांबरोबर काम करावे, असे सुचवले आहे. या दहा दिवसांतून गणित वगळले गेले, तर एक मोठी संधी वाया जाईल.

ज्याच्या उत्तराची कोणी वाट पाहते, तोच प्रकल्प, ही कसोटी महाराष्ट्रात पूर्वीच लावली गेली आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या ‘नयी तालीम’ या शिक्षणपद्धतीत ‘समवाय’, म्हणजे हस्तोद्योगाच्या ओघातच भाषा, गणित इत्यादी विषय शिकवणे, हे तत्त्व मांडले गेले. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने त्याला आजच्या तंत्रज्ञानाची जोड दिली. तेथील मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी गावाच्या उपयोगाची कामे करून देतात, म्हणून मोजमाप चुकले तर ते लाल शाईने नव्हे, न बसणाऱ्या दाराने कळते. तात्यापाऱ्यात अशा प्रश्नांची वाण नाही. शारदा चौक ते तात्यापारा या रस्त्याच्या रुंदीकरणाची चर्चा शहरात वर्षानुवर्षे होत आली आहे. सहावीच्या मुलांनी ठरावीक वेळी वाहने मोजून स्तंभालेख काढावा, सातवीने रस्त्याची रुंदी जागोजागी मोजून सरासरी काढावी, आठवीने रुंदी आणि रहदारी यांचा संबंध आलेखावर तपासावा, आणि तयार झालेला अहवाल नगरसेवकांच्या हाती द्यावा. वेड्यावाकड्या काठाच्या बूढा तालाबाचे क्षेत्रफळ चौकटींच्या कागदावर काढताना कोणतेही सूत्र उपयोगी पडत नाही, आणि तेव्हाच क्षेत्रफळ म्हणजे काय हे मुलाला कळते.

भाषेचा विचारही येथे टाळता येणार नाही. रायपूरचे मराठी मूल घरी सरासरी, नफा-तोटा, अपूर्णांक आणि परिमिती हे शब्द ऐकते, शाळेत त्यांनाच औसत, लाभ-हानि, भिन्न आणि परिमाप म्हणते, आणि इंग्रजी माध्यमात असेल तर तिसरीच नावे शिकते. पाहुणा ज्या बोलीत हिशेब सांगतो त्या बोलीला वर्गात मान मिळाला, तर ही अडचण राहत नाही. वीस ‘काठा’ म्हणजे एक ‘खंडी’, हे धान्याचे छत्तीसगढी माप समजलेल्या मुलाला दशमान पद्धती हीच एकमेव पद्धती नाही, हे अधिक चांगले कळते.

अर्थात प्रकल्पाने सराव रद्द होत नाही. पाढे, गुणाकार-भागाकाराची सफाई आणि पद्धतशीर लेखन यांना पर्याय नाही, आणि प्रत्येक प्रकल्पाच्या शेवटी मुलाने आपला तोंडी हिशेब चिन्हांत मांडला पाहिजे, समीकरण लिहिले पाहिजे आणि आकडे बदलल्यास काय होईल हे सांगता आले पाहिजे. हा शेवटचा टप्पा गाळला, तर बाजार बाजारात राहतो आणि वही वहीत. हा टप्पा घडवण्याचे कौशल्य पाहुण्याकडे नसते, ते अध्यापकाकडेच असते, आणि म्हणून या परिषदेचा मानाचा पाहुणा वर्गात उभा राहणारा अध्यापकच आहे, अशी स्वागत समितीची भावना आहे.

स्वागत समितीची परिषदेला एकच विनंती आहे. येथून परतताना प्रत्येक अध्यापकाने आपल्या शाळेच्या परिसरातील एक माणूस आणि त्याचा एक खरा प्रश्न निश्चित करावा, आणि मुलांनी काढलेले उत्तर त्या माणसापर्यंत पोहोचवावे.