दुसऱ्या कानातला आवाज



आपल्या तळेघरचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. भात लावणीच्या दिवसांत बैठकीला सगळ्या जमत नाहीत. म्हणून गेल्या वर्षी कर्जाच्या हिशोबाचं प्रशिक्षण आम्ही रेकॉर्ड करून सगळ्यांच्या फोनवर पाठवलं. आठ दिवसांनी गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, माझं नाव कमी करा. मला आता काही उमगत नाही."

मावशींना लहानपणापासून डाव्या कानानं ऐकू येत नाही. मी त्यांचा हेडफोन लावून पाहिला. शिकवणाऱ्या बाई फक्त डाव्या कानात, आणि बायकांचे प्रश्न उजव्या कानात! मावशींना नुसते प्रश्न ऐकू येत होते, उत्तर एकही नाही. चूक आमच्या रेकॉर्डिंगची, पण त्या दोष देत होत्या स्वतःच्या डोक्याला.

असं का होतं? समोर दोन स्पीकर असले की डावीकडचा आवाज डोक्याला वळसा घालून उजव्या कानातही पोचतो. जरा हळू, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी उशिरानं. हेडफोन लावला की ही वाट बंद होते. काही जुन्या गाण्यांत तर गाणारा एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या कानात असतात. फार वेळ ऐकलं की डोकं जड होतं.

अमेरिकेत बेंजामिन बाउअर या अभियंत्यानं १९६१ साली यावर उपाय मांडला. एका बाजूचा थोडा आवाज, किंचित उशिरानं, दुसऱ्या बाजूला सोडायचा. याला क्रॉसफीड म्हणतात. आता हे काम सॉफ्टवेअर करतं. गाणी वाजवणाऱ्या काही ॲपमध्ये ती सोय असते.

मावशींना मात्र थोडा नव्हे, सगळाच आवाज एका कानात हवा होता. त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी'त जाऊन 'मोनो ऑडिओ' चालू करा. दोन्हीकडचा आवाज एकत्र होऊन दोन्ही कानांत सारखा येतो. पैसे लागत नाहीत. चुलीपाशी एकच कान लावून, दुसरा कान लेकरांकडे ठेवणाऱ्या आपल्यालाही हे उपयोगी आहे.

ऐकू येत नाही म्हणून आवाज मात्र वाढवत नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालेल, पण ९० डेसिबल फक्त ४ तास. ऐकणं नव्यानं कमी झालं असेल, तर आरोग्य केंद्रात कान दाखवा.

आणि गटाला रेकॉर्डिंग पाठवण्याआधी ते एकदा फक्त डाव्या कानानं, एकदा फक्त उजव्या कानानं ऐका. आम्ही आता तसंच करतो.

मावशींचं नाव गटात आहे. पुढच्या बैठकीत त्यांनी माझीच व्याजाची बेरीज चुकलेली दाखवली!