गाळे बांधण्यापूर्वी



बांधकामाच्या विषयावर एखाद्या शाळामास्तराने बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. मी इंजिनिअर नव्हे आणि ठेकेदारही नव्हे. शाळेचे वेळापत्रक मात्र मी गेली कित्येक वर्षे आखीत आलो आहे आणि त्याच भरवशावर माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी आपल्या बांधकामाचे वेळापत्रक माझ्याकडे सोपविले. दाजी लष्करातून निवृत्त झालेले. गाठीला निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम, कमी पडेल त्यासाठी बँकेचे कर्ज आणि बेळगावात रस्त्यालगत वडिलार्जित जागेचा एक तुकडा. त्यावर खाली पाच गाळे आणि वर कचेरीजोगा एक मजला, एवढाच मनसुबा होता. 2021 ची दिवाळी आटोपली की कुदळ मारायची आणि 2022 च्या दसऱ्याला शटरे उघडायची, असे ठरले. तो दसरा हुकला. तो का हुकला, हे आज सांगावयाचे आहे. कारण त्यात माझाही वाटा होता.

नकाशा मंजूर झाला होता. प्रत्येक गाळा दहा फूट रुंद आणि अठरा फूट खोल. जमिनीवर चुन्याने आखणी झाली, आणि त्याच सायंकाळी कोपऱ्याचा गाळा घेऊ इच्छिणारे एक कापडाचे व्यापारी तेथे आले. त्यांनी पावलांनी जागा मोजली आणि म्हणाले, "अठरा फूट अपुरे पडतील. वीस करा, म्हणजे मी आजच आगाऊ रक्कम देतो." दाजींनी माझ्याकडे पाहिले. "काय मास्तर, दोन फुटांनी काय होणार?" मी म्हणालो, "काही नाही." या दोन शब्दांची किंमत पुढे वर्षभर मोजावी लागली.

दोन फूट वाढले म्हणजे मागच्या बाजूला सोडावयाची मोकळी जागा कमी झाली. सबब सुधारलेला नकाशा पुन्हा मंजुरीसाठी गेला. तुळईची लांबी वाढली; तेव्हा इंजिनिअरने तिची जाडी आणि सळयांचा हिशेब नव्याने मांडला. आणखी एक गोष्ट तर कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. काँक्रीटच्या कामाचे जे भारतीय मानक आहे, त्यात तुळईखालचे टेकू किती दिवस काढू नयेत याची किमान मर्यादा दिलेली आहे. तुळईचा गाळा सहा मीटरपर्यंत असल्यास चौदा दिवस, त्याहून अधिक असल्यास एकवीस. अठरा फूट म्हणजे साडेपाच मीटरांच्या आत; वीस फूट म्हणजे सहा मीटर आणि वर सुमारे दहा सेंटिमीटर! चार बोटांपायी प्रत्येक मजल्यास एक आठवडा वाढला. शिवाय ही मर्यादा साध्या पोर्टलंड सिमेंटासाठी आणि हवेचे तापमान पंधरा अंशांच्या खाली उतरत नसेल तेव्हाची आहे. हल्ली बाजारात राखमिश्रित सिमेंटच अधिक मिळते; त्याला धीर थोडा जास्तच धरावा लागतो.

कामाचा आवाका आणि कामाचे वेळापत्रक या दोन निरनिराळ्या वह्या आहेत, असा माझा समज होता. एकीत काय बांधायचे ते आणि दुसरीत केव्हा बांधायचे ते. प्रत्यक्षात ती एकच वही असते. पहिल्या पानावर एक रेघ खोडली की शेवटच्या पानावरची तारीख आपोआप बदलते. आपण ती बदलून लिहिली नाही, तर ती केवळ खोटी ठरते.

आवाका लिहिणे म्हणजे नकाशा काढणे नव्हे, हेही मला उशिराच उमगले. "गाळा तयार" या दोन शब्दांचेच पाहा. ठेकेदाराच्या लेखी शटर बसले, गिलावा झाला, फरशी झाली, म्हणजे गाळा तयार. व्यापाऱ्याच्या लेखी दिवा लागला, पंखा फिरला आणि नळाला पाणी आले, म्हणजे तयार. महापालिकेच्या लेखी भोगवटा प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत तयार नव्हेच. दाजींच्या करारपत्रात नुसते "तयार" एवढेच लिहिलेले होते. विजेचे व्यापारी मीटर कोणी मागावयाचे? पाण्याची टाकी कोणाच्या खर्चाने? सांडपाणी गटारापर्यंत कोण नेणार? पाटी लावण्यासाठी शटरावर जागा किती? पायऱ्या रस्त्यावर येणार की आपल्या हद्दीत? यांपैकी एकही प्रश्न कुदळ मारण्यापूर्वी विचारला गेला नाही, आणि प्रत्येकाचे उत्तर पुढे भांडूनच काढावे लागले. माझे मत असे झाले आहे की, अशा कागदावर आपण काय बांधणार आहोत याच्याइतकेच, काय बांधणार नाही, हेही स्वच्छ शब्दांत लिहावे. पोटमाळा नाही, तळघर नाही, कपाटे नाहीत, असे नकार लिहून सही घेतली, म्हणजे निम्मे तंटे जन्मासच येत नाहीत.

आता माझ्या वेळापत्रकाविषयी. आलेखाच्या कागदावर मी महिने आडवे आणि कामे उभी मांडून सुरेख पट्ट्या रंगविल्या होत्या. पायाला तीन आठवडे, जोत्याला दोन, कॉलमना दोन, अशा. दोष एवढाच की तो कागद शाळेच्या घड्याळी तासांसारखा होता. घंटा वाजली की गणित संपते आणि भूगोल सुरू होतो. काँक्रीट मात्र घंटा ऐकत नाही. त्यावर निदान सात दिवस पाणी मारावे लागते, मिश्र सिमेंट असल्यास दहा दिवस, आणि त्याची पुरी ताकद अठ्ठावीस दिवसांनंतरची धरतात. या वाट पाहण्याला माझ्या कागदावर पट्टीच नव्हती. तशीच वायरमनलाही नव्हती. विजेचे काम शेवटी, म्हणून मी त्याला जुलैत घातला होता. स्लॅबमधून जाणाऱ्या नळ्या मात्र स्लॅब ओतण्यापूर्वीच सळयांत बांधाव्या लागतात! पहिल्या स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी त्याला शोधीत मी सायकलवरून अर्धे गाव पालथे घातले. तो एका लग्नघरी पंगतीत बसलेला सापडला.

कामांची अशी साखळी मांडण्याची एक शिस्त आहे. 1957 मध्ये अमेरिकेतील ड्यू पाँट या रसायन कंपनीसाठी वॉकर आणि केली या दोघांनी ती बसविली. प्रत्येक कामापुढे त्याच्या आधी काय व्हायला हवे ते लिहायचे, आणि मग ज्या कामांना एका दिवसाचाही उशीर परवडत नाही, अशी एक वाट शोधून काढायची. आमच्या बांधकामात पाया, जोते, कॉलम, स्लॅब, वरचा स्लॅब, बाहेरचा गिलावा, ही ती वाट होती. फरशीचा रंग निवडण्यात दाजींनी तीन आठवडे घालविले, त्याने काहीही बिघडले नाही. सळया चार दिवस उशिरा आल्या, त्याने सारे काम चार दिवस मागे गेले. ओरडा मात्र फरशीवरूनच अधिक झाला.

नकाशाच्या फेरमंजुरीत सात आठवडे गेले. नोव्हेंबरात मारावयाची कुदळ जानेवारीत पडली. एप्रिलमध्ये व्हावयाचा वरचा स्लॅब मे महिन्याच्या अखेरीस ओतला, तोही वळवाच्या सरी चुकवीत, ताडपत्र्या हाती धरून. आमच्याकडचा पावसाळा मोठा. जून ते सप्टेंबर बाहेरच्या गिलाव्याची भाषाच नको. शिल्लक सिमेंटची पोती आत फळ्यांवर रचून ठेवली होती. तीन महिने उलटलेले सिमेंट तपासल्यावाचून वापरू नये, म्हणून त्यातील काही शेवटी साध्या भरावाच्या कामी लावली. गिलावा ऑक्टोबरात झाला. कापडाचे व्यापारी दसऱ्यापूर्वीच दुसरीकडे गेले आणि आगाऊ दिलेली रक्कम परत मागितली. बँकेचा हप्ता मात्र ऑगस्टपासून ठरल्या दिवशी सुरू झाला. बहिणीने त्यासाठी काय मोडले, हे मला नाताळात तिच्या हाताकडे पाहून कळले.

मोठ्यांचेही असे होतेच. सिडनीच्या संगीतगृहाचे काम 1959 च्या मार्चमध्ये छताची रेखाचित्रे पुरी होण्याआधीच सुरू झाले. पुढे छत जड ठरले आणि आधी बांधलेले खांब पुन्हा उभारावे लागले. 1963 चा मुहूर्त 1973 वर गेला आणि सत्तर लाख डॉलरांचा अंदाज दहा कोटींच्या पलीकडे पोहोचला. तेथे सरकार होते, त्यांना लॉटरीचा पैसा होता. दाजींना पेन्शन होती.

गाळे 2023 च्या जानेवारीत उघडले. आज पाचही गाळे भाड्याने गेलेले आहेत. कोपऱ्यातल्या गाळ्यात औषधांचे दुकान आहे आणि त्याच्या मालकाला अठरा फूटही पुरले असते, असे तो स्वतःच सांगतो. गेल्या महिन्यात गच्चीवर पत्र्याची शेड घालावी, असे दाजींच्या मनात आले. मी त्यांना कोरा कागद दिला आणि शेडमध्ये काय काय असणार नाही, ते आधी लिहून काढावयास सांगितले. कागद अद्याप परत आलेला नाही.