टॅब महिनाभर कपाटात

सहावी ते आठवीच्या मुलांना डिझाइन शिकवते म्हटलं, की लोक विचारतात, "संगणक किती?" जव्हारजवळच्या आमच्या शाळेत चार टॅब आहेत. पहिला महिना ते कपाटातच राहतात.

त्या महिन्यात मुलं घरातल्या वस्तू पाहतात. सातवीच्या मुलींनी हंड्याखालची चुंबळ निवडली. सायकलच्या जुन्या ट्यूबवर नायलॉनची साडी गुंडाळून नवी चुंबळ केली. एका आजीने ती डोक्यावर ठेवली, वर हंडा घेतला, दहा पावलं चालली आणि म्हणाली, "घसरतंय गं." मुली हिरमुसल्या, मला मात्र आनंद झाला. वापरणारी व्यक्ती खरं बोलली होती! तिसऱ्या खेपेला ट्यूब गेली, भाताचा पेंढा आणि सुती धडपं आलं. ती चुंबळ आजीने परत दिलीच नाही.

मग टॅब निघाले. वाचता न येणाऱ्या आईला एसटीची वेळ कळेल असा पडदा करायचा होता. आधी कागदावर चित्रं, आईचं बोट कुठे अडतं त्याची वहीत नोंद, आणि नंतरच स्क्रॅच. ते मोफत आहे, एकदा टॅबवर घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं.

शिक्षणहक्क कायद्याचं संरक्षण 14 वर्षांपर्यंतच. आठवीनंतर आमच्या काही मुली वीटभट्टीवर जातात. त्यामुळे हे शिक्षण नववीवर ढकलता येत नाही.

टॅब देणाऱ्यांनी सोबत पुठ्ठा, कात्र्या, दोराही पाठवावा. पुठ्ठा दर आठवड्याला संपतो.